क्षयाची लस कोणासाठी? बीदर–कलबुर्गी सीमाभागाच्या संदर्भात बी.सी.जी. लसीकरणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

डाव्या दंडावरचा लहानसा गोल वण ही बीदर तालुक्यातील जनवाड्यापासून कलबुर्गीपर्यंतच्या पट्ट्यातील लोकांची एक समान खूण आहे. या भागात मराठी, कन्नड, दख्खनी उर्दू आणि तेलुगू या भाषा शेजारी शेजारी नांदतात. एकाच गावातील मुले वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळांत जातात. परंतु बी.सी.जी.ची लस टोचल्यानंतर बाळाच्या दंडावर उमटणारा वण सर्वांचा सारखाच असतो. 'ज्याच्या दंडावर वण आहे त्याला क्षय होत नाही', असा त्याचा अर्थ पुष्कळ लोक लावतात. सुशिक्षित वर्गही या समजुतीला अपवाद नाही. वस्तुतः या समजुतीला शास्त्रीय आधार नाही, हे १९७९ मध्येच स्पष्ट झाले होते आणि तेही दक्षिण भारतातील खेड्यांत झालेल्या अभ्यासातून.

बी.सी.जी. लसीचा भारतातील इतिहास म्हणजे एकाच प्रश्नाचा इतिहास आहे. ही लस कोणाला द्यावी, हा तो प्रश्न होय. १९४८ पासून आजपर्यंत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले आहे. हे बदल का झाले आणि त्यातून सीमाभागातील शिक्षकांनी कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'दिक', 'सिल' आणि 'क्षय'

या भागातील भाषांनी या आजाराला दिलेली नावे अर्थपूर्ण आहेत. मराठीत 'क्षय' म्हणजे झिजणे. जुन्या वैद्यकात त्याला 'राजयक्ष्मा' असेही म्हटले आहे. उर्दूत 'सिल' आणि 'दिक' हे अरबी शब्द रूढ आहेत. 'दिक' या शब्दाच्या मुळाशी बारीक, कृश असा अर्थ आहे, म्हणून 'तप-ए-दिक' म्हणजे माणसाला झिजवणारा ताप. दोन्ही भाषांनी आजार ओळखला तो रोग्याच्या उतरत जाणाऱ्या देहावरून. अकराव्या शतकात इब्न सीना यांनी आपल्या 'अल्-कानून' या ग्रंथात हा आजार एकापासून दुसऱ्याला होतो, असे मत नोंदविले होते. त्यानंतर सुमारे साडेआठशे वर्षांनी, २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले आणि या मताला प्रयोगशाळेचा आधार मिळाला.

हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणासाठी उर्दू माध्यम स्वीकारले होते व वैद्यकीय शिक्षणही त्या भाषेतून दिले जात होते. त्यामुळे आधुनिक रोगविज्ञानाची परिभाषा बीदर–गुलबर्गा भागात प्रथम उर्दूतून पोहोचली. मात्र त्या काळात क्षयावर हमखास औषध नव्हते. विश्रांती, पौष्टिक आहार आणि कोरडी मोकळी हवा हाच उपचार मानला जात असे. विकाराबादजवळील अनंतगिरीच्या डोंगरावर निजामाच्या काळात उभारलेले क्षयरोग आरोग्यधाम याच विचारातून निर्माण झाले. विकाराबादहून परळीकडे जाणारा लोहमार्ग जहीराबाद, बीदर, भालकी व उदगीर या गावांवरून जातो. त्यामुळे या भागातील रुग्णाला अनंतगिरीची वाट सोयीची होती. परंतु महिनोन् महिने घर व शेत सोडून आरोग्यधामात राहणे गरीब शेतमजुराला, विणकराला किंवा बिदरी कारागिराला शक्य नव्हते. खाटाही थोड्याच होत्या. अशा स्थितीत रोग होण्यापूर्वीच अटकाव करणाऱ्या लसीचे महत्त्व सहज लक्षात येते.

लसीचा जन्म

आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये लील येथील पाश्चर संस्थेत गुरांच्या क्षयाचा जंतू पित्त मिसळलेल्या बटाट्याच्या माध्यमावर वाढविण्यास सुरुवात केली. दर तीन आठवड्यांनी तो नव्या माध्यमावर घेतला जाई. तेरा वर्षांत अशी सुमारे २३० आवर्तने झाली आणि जंतूची रोग निर्माण करण्याची शक्ती नाहीशी झाली. या दोघांच्या नावांवरूनच लसीला बी.सी.जी. म्हणजे 'काल्मेत व गेरँ यांचा जंतू' असे नाव मिळाले.

१९२१ मध्ये पॅरिस येथे ही लस प्रथम एका नवजात बालकाला पाजण्यात आली. त्याची आई क्षयाने बाळंतपणानंतर लगेच दगावली होती आणि ज्या आजीकडे ते वाढणार होते तीही क्षयग्रस्त होती. म्हणजेच 'ही लस कोणाला द्यावी' या प्रश्नाचे पहिले उत्तर असे होते: ज्याच्या घरातच रोग आहे, पण ज्याला अद्याप त्याची लागण झालेली नाही, त्या बालकाला.

त्यानंतर या लसीवर एक मोठे संकट आले. १९२९-३० मध्ये जर्मनीतील ल्युबेक शहरात सुमारे अडीचशे बालकांना ती पाजण्यात आली व त्यांपैकी सत्तरहून अधिक बालके मृत्युमुखी पडली. स्थानिक प्रयोगशाळेत लसीत क्षयाचा जिवंत, घातक जंतू मिसळला गेला होता, असे चौकशीत निष्पन्न झाले. दोष लसीचा नव्हता, ती तयार करताना झालेल्या निष्काळजीपणाचा होता. तथापि या घटनेची सावली पुढे भारतातील वादावरही पडली.

१९४८: एकाच वर्षातील दोन घटना

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात क्षयाची साथ बळावली. डॅनिश रेडक्रॉस व इतर स्कँडिनेव्हियन संस्थांनी युनिसेफच्या साहाय्याने लसीकरणाची आंतरराष्ट्रीय मोहीम हाती घेतली व ती पुढे आशियातही आली. भारतात १९४८ मध्ये मद्रासच्या गिंडी भागात बी.सी.जी. लस तयार करणारी शासकीय प्रयोगशाळा सुरू झाली आणि मदनपल्ली येथील मिशन आरोग्यधामाच्या परिसरात लसीकरणाला प्रारंभ झाला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५१ नंतर मोहिमेचा देशभर विस्तार झाला तेव्हा बीदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत या जिल्ह्याचे तीन भाग झाले. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात, जहीराबाद व नारायणखेड हे आंध्र प्रदेशात, तर बीदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद परिसर म्हैसूर राज्यात गेला. राष्ट्रीय मोहीम चालू असताना एका जिल्ह्याचे आरोग्य प्रशासन तीन राज्यांत विभागले गेले. लोकांचे नातेसंबंध मात्र विभागले गेले नाहीत. लेकीबाळी, बाजारहाट आणि मजुरी सीमेच्या दोन्ही बाजूंना चालूच राहिली. क्षयासारखा आजार या मार्गानेच फिरत असतो, हे लक्षात घेतले तर या विभागणीचे महत्त्व कळते.

तपासणी आधी, लस नंतर

या पहिल्या मोहिमेत लस सरसकट दिली जात नव्हती. प्रथम हाताच्या त्वचेत ट्युबरक्युलिन टोचले जाई. सुमारे तीन दिवसांनी पथक पुन्हा येऊन त्या जागी आलेली गाठ मोजत असे. गाठ मोठी असेल तर जंतूची लागण आधीच झाली आहे असे मानून लस दिली जात नसे. गाठ नसेल किंवा अगदी लहान असेल त्यालाच लस दिली जाई. थोडक्यात, १९५० च्या दशकातील उत्तर असे होते: ज्याच्या शरीरात जंतूने अद्याप प्रवेश केलेला नाही, त्याला.

तर्काच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष होते, परंतु व्यवहारात अडचणी होत्या. सुगीच्या दिवसांत शेतावर गेलेला माणूस तीन दिवसांनी पुन्हा पथकासमोर येईलच याची खात्री नसे. प्रौढांपैकी बहुतेकांना लागण आधीच झालेली असल्याने तपासणी झालेल्यांच्या मानाने लस मिळालेल्यांची संख्या बरीच कमी राही. द्रवरूप लस थोड्याच दिवसांत निकामी होत असे व तिला बर्फात ठेवून न्यावे लागे.

याच सुमारास, १९५५ ते १९५८ या काळात, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील क्षयाचे पहिले मोठे सर्वेक्षण केले. हैदराबाद शहर व त्याच्या भोवतालचा प्रदेश हाही त्यात समाविष्ट होता. क्षय हा गिरणगावाचा व दाट वस्तीच्या शहरांचा रोग आहे, असा समज तोपर्यंत होता. सर्वेक्षणाने तो खोटा ठरविला. खेड्यांत क्षयाचे प्रमाण शहराइतकेच आढळले. जनवाड्यासारख्या गावासाठी हा निष्कर्ष महत्त्वाचा होता, कारण त्यामुळे खेडे हे क्षयनिर्मूलनाच्या नकाशावर प्रथमच ठळकपणे आले.

'टीका' या शब्दाचे दोन अर्थ

उर्दूत व हिंदीत 'टीका' म्हणजे लस टोचणे, तर मराठीत 'टीका' म्हणजे दोषदर्शन. १९५५ मध्ये बी.सी.जी.च्या वाट्याला हे दोन्ही अर्थ एकाच वेळी आले. भारताचे माजी गव्हर्नर जनरल व मद्रासचे माजी मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी सामूहिक बी.सी.जी. लसीकरणाला जाहीर विरोध केला व त्यासाठी स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर व त्यांचे वैद्यकीय सल्लागार मोहिमेच्या बाजूने उभे राहिले.

राजाजींच्या आक्षेपांचे तीन भाग करता येतात. निरोगी मुलांच्या शरीरात जिवंत जंतू सोडणे सुरक्षित आहे काय, हा पहिला भाग. लसीचा उपयोग भारतीय परिस्थितीत सिद्ध झाला आहे काय, हा दुसरा. आणि शासनाने लक्षावधी मुलांवर असा उपाय करताना पालकांची इच्छा विचारात घेतली आहे काय, हा तिसरा भाग होय. पहिल्या आक्षेपाला काळाने उत्तर दिले. निरोगी बालकांच्या बाबतीत ही लस जगातील अत्यंत सुरक्षित लसींपैकी एक ठरली. दुसरा प्रश्न मात्र रास्त होता. त्या वेळी लसीच्या गुणाचा सबळ पुरावा युरोपातील होता. ब्रिटनमध्ये १९५० पासून शालेय किशोरवयीन मुलांवर झालेल्या चाचणीत तीनचतुर्थांशाहून अधिक संरक्षण दिसून आले, तर अमेरिकेच्या दक्षिण भागातील चाचणीत फारच थोडे. भारताचे उत्तर भारतातच शोधावे लागणार होते. तिसरा प्रश्न आजही तितकाच जिवंत आहे.

राजाजींचा विरोध पुढे मावळला आणि मोहीम चालू राहिली. इतकेच नव्हे तर १९६० च्या दशकात ट्युबरक्युलिन तपासणी वगळून सरळ लस देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली, कारण लागण झालेल्या व्यक्तीलाही लसीने विशेष अपाय होत नाही, असे अनुभवास आले होते. 'कोणाला' या प्रश्नाचे उत्तर आता 'तपासणीविना, सर्व लहान मुलांना व किशोरांना' असे झाले.

याच काळात उपचारांतही क्रांती झाली. स्ट्रेप्टोमायसिन व आयसोनियाझिड ही औषधे उपलब्ध झाली. मद्रास येथील अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवून दिले की, घरी राहून औषधे घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या संशोधकांनी तुमकूर जिल्ह्यात केलेल्या पाहणीत असे आढळले की, खेड्यातील सुमारे निम्मे क्षयरुग्ण आपणहून दवाखान्यात जाऊन आले होते, पण तेथे त्यांचा रोग ओळखला गेला नव्हता. खोकल्याचे औषध घेऊन ते परतले होते. खेड्यातील माणूस अडाणी आहे म्हणून उपचार घेत नाही, या समजुतीला हा मोठा धक्का होता.

चिंगलपुटचा कौल

लसीचा निर्णायक अभ्यास मद्रासजवळच्या चिंगलपुट जिल्ह्यात झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य सेवा यांनी मिळून १९६८ मध्ये तो सुरू केला. सुमारे ३ लाख ६६ हजार लोकांची नोंद झाली व त्यांपैकी सुमारे २ लाख ८१ हजार लोकांना लस किंवा लसीसारखेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य टोचण्यात आले. कोणाला काय मिळाले हे टोचणाऱ्यालाही माहीत नव्हते. लसीचे दोन नामांकित वाण वापरले होते. त्यामुळे लस निकृष्ट होती, असे म्हणण्यास जागा नव्हती.

साडेसात वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १९७९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. थुंकीतून जंतू बाहेर टाकणाऱ्या प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून लसीने संरक्षण दिले नव्हते. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही प्रौढांबाबत हाच निष्कर्ष कायम राहिला. मुलांमध्ये तेवढे थोडे संरक्षण दिसले. याची कारणे आजही चर्चेत आहेत. उष्ण प्रदेशातील माती व पाण्यात क्षयजंतूचे अनेक निरुपद्रवी भाईबंद असतात. त्यांच्या संपर्काने शरीराला आधीच काही प्रतिकारशक्ती मिळते व त्यात लसीची भर दिसून येत नाही, हे त्यांपैकी एक प्रमुख स्पष्टीकरण होय.

या निष्कर्षाकडे अपयश म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. लाखो ग्रामस्थांनी दंड पुढे केला, वर्षानुवर्षे पथकांना थुंकीचे नमुने दिले, एक्स-रे काढून घेतले आणि त्यातून साऱ्या जगाला एक प्रामाणिक 'नाही' मिळाले. राजाजींनी १९५५ मध्ये विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच प्रदेशातील शेतकऱ्यांनी व मजुरांनी दिले, असे म्हणता येईल.

नवजात बालकाकडे

मग लस बंद का केली नाही? कारण प्रश्नाचा दुसरा भाग शिल्लक होता. लहान मुलांमध्ये क्षयाचा जंतू कधी कधी रक्तावाटे सर्व शरीरात पसरतो किंवा मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. हे प्रकार थोड्या दिवसांत जीव घेतात, आणि मूल वाचले तरी अनेकदा कायमचे अपंगत्व येते. या प्रकारांपासून बी.सी.जी. लक्षणीय संरक्षण देते, हे अनेक देशांतील अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. म्हणून १९७८ मध्ये भारतात सुरू झालेल्या विस्तारित लसीकरण कार्यक्रमात आणि १९८५ पासूनच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात बी.सी.जी.ला जन्माच्या वेळचे स्थान मिळाले. बाळ जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर, आणि राहून गेल्यास वर्षाच्या आत, डाव्या दंडावर एकदाच ही लस दिली जाते. प्रतिकारशक्तीचा गंभीर विकार असलेल्या बालकांबाबत मात्र डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो.

हे उत्तर सर्व जगाला लागू नाही. ब्रिटनने २००५ मध्ये शाळांतील सरसकट लसीकरण थांबवून ते जोखमीच्या बालकांपुरते ठेवले. अमेरिकेने सार्वत्रिक लसीकरण कधी स्वीकारलेच नाही. क्षय विरळ असलेल्या देशाचे गणित वेगळे असते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश रुग्ण भारतात असल्याने येथील नवजात बालकाला लस मिळणे अगत्याचे आहे. लसीचा पुरवठा खंडित होणे किती धोक्याचे आहे, याचीही देशाला जाणीव झाली. २००८ मध्ये गिंडीच्या प्रयोगशाळेचा उत्पादन परवाना स्थगित झाला व तो २०१० मध्ये पूर्ववत करण्यात आला.

पुन्हा प्रौढांकडे

इतिहास येथे थांबला नाही. २०२४ मध्ये केंद्र शासनाने अनेक राज्यांतील निवडक जिल्ह्यांत प्रौढांना बी.सी.जी. देण्याचा अभ्यासरूप कार्यक्रम सुरू केला. साठ वर्षांवरील व्यक्ती, मधुमेही, धूम्रपान करणारे, उंचीच्या मानाने वजन फार कमी असलेले, गेल्या पाच वर्षांत क्षय होऊन गेलेले आणि क्षयरुग्णाच्या घरातील माणसे, असे सहा गट त्यासाठी ठरविण्यात आले. लस संमतीनेच द्यावयाची आणि लस न दिलेल्या जिल्ह्यांशी तुलना करून परिणाम पाहावयाचा, अशी ही योजना आहे. चिंगलपुटने नकार दिलेला प्रश्न नव्या रीतीने पुन्हा विचारला गेला आहे. सर्व प्रौढांना नव्हे, पण ज्यांना धोका अधिक आहे अशांना तरी ती उपयोगी पडेल काय? १९२१ मधील पॅरिसच्या त्या बाळाप्रमाणे 'घरात रुग्ण असलेला' हा निकष शंभर वर्षांनी पुन्हा यादीत आला, ही बाब लक्षणीय आहे. राजाजींचा तिसरा प्रश्न, म्हणजे संमतीचा, या वेळी योजनेतच समाविष्ट आहे.

समारोप

एकंदरीत, बी.सी.जी.च्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नवजात बालकाला ही लस मिळालीच पाहिजे. तिच्यामुळे वाचते ते मुख्यतः लहान मूल. प्रसूतीसाठी माहेरी, म्हणजे अनेकदा सीमेपलीकडच्या उदगीर किंवा जहीराबादला गेलेल्या मुलीच्या बाळाची लस दोन राज्यांच्या नोंदींमध्ये राहून जाणार नाही, याकडे कुटुंबाने व शाळा-अंगणवाडीने लक्ष दिले पाहिजे.

दुसरी, दंडावरचा वण म्हणजे जन्मभराची हमी नव्हे. वण उमटला नाही म्हणजे लस वाया गेली असेही नव्हे व त्यासाठी पुन्हा लस घेण्याचीही गरज नसते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजनातील घट ही लक्षणे दिसणाऱ्या तरुणाला 'तुला तर लस दिली आहे' असे सांगून घरी बसविणे घातक आहे. त्याला हवी आहे ती थुंकीची तपासणी आणि पूर्ण मुदतीचे औषध. ही दोन्ही शासकीय दवाखान्यात मोफत मिळतात. लग्न मोडेल, आखाती देशाचा व्हिसा नाकारला जाईल, या भीतीने आजार लपविला जातो. त्यामुळे रुग्णाचे नुकसान होतेच, शिवाय त्याच्या घरातील मुलांनाही धोका निर्माण होतो. वर्गात रोज साठ-सत्तर मुलांसमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला हे संकोचाविना सांगता येते.

तिसरी गोष्ट अध्यापनाशी संबंधित आहे. लसीविषयी प्रश्न विचारणारा प्रत्येक माणूस अज्ञानी किंवा विरोधक नसतो. राजाजींच्या काही शंका चुकीच्या ठरल्या, काही खऱ्या ठरल्या, आणि दोन्हींचा निकाल खेड्यांतील दीर्घ, काटेकोर पाहणीने लागला. अफवा आणि प्रश्न यांत हाच फरक आहे. प्रश्नाला पुराव्याची वाट पाहण्याची तयारी असते, अफवेला नसते. विज्ञानाचे उत्तर बदलते तेव्हा विद्यार्थी गोंधळतात. क्षयाच्या लसीचा इतिहास त्यांच्यापुढे मांडला तर हे बदल पुराव्यांमुळे कसे घडत गेले, ते त्यांना आपल्याच प्रदेशाच्या उदाहरणावरून समजेल.